नाव गाळून दिलेलं प्रॉम्प्टिंग

प्रॉम्प्टरला टाळ्या मिळत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. प्रॉम्प्टरचे पाय दुखतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. विंगेत बसून चालत नाही. बसलं की नटाचं तोंड दिसत नाही, आणि तोंड दिसलं नाही तर तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे कळत नाही. मी सात वर्षं उभी राहिले. आता कुणी मला विचारलं की त्या काळी डोंबिवलीत नाटकं कशी होत, तर मी सांगते, उभ्याने.

डोंबिवली तेव्हा केवढी होती म्हणता? स्टेशनच्या दोन्ही अंगांना काही चाळी, काही बैठी घरं, विहिरी आणि मग भातशेतं. संध्याकाळी हापिसातून परत आलेल्या पुरुषांना करायला काही नसे. त्यातून नाटकमंडळी निघाली. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षीपासून दर गणपतीत एक नाटक व्हायचंच. आमचे हे त्यातले नायक. उंची होती, आवाज होता, आणि उभं राहण्याची एक ऐट होती. मुंबईच्या हापिसात ह्यांना कुणी चहा घेता का म्हणूनही विचारत नसे. गणपतीनंतरचे पंधरा दिवस मात्र बाजारात भाजीवाली आधी ह्यांना भाजी द्यायची. त्या पंधरा दिवसांवर हे वर्ष काढत.

खोट एकच. नक्कल पाठ होत नसे. नक्कल म्हणजे नटाला त्याची वाक्यं उतरवून दिलेली वही. ती हातात घेतली की ह्यांना झोप यायची. पण कानावरून एकदा गेलेलं वाक्य मात्र जसंच्या तसं तोंडातून येई, कुठे श्वास घेतला तोसुद्धा. म्हणून मी पोळ्या लाटता लाटता नक्कल वाचायची आणि हे पाटावर बसून ऐकायचे. त्या ऐकण्यातलं निम्मं दुसऱ्या दिवशी राहायचं, निम्मं हापिसाच्या गाडीत ठाण्यापर्यंत जाता जाता सांडायचं. मंडळींचे प्रॉम्प्टर म्हणजे एक पेन्शनीतले मास्तर. ते मुलाकडे नाशिकला राहायला गेले तेव्हा हे तालमीत म्हणाले, आमच्या घरात सबंध नाटक पाठ असलेलं माणूस आहे. ते माणूस म्हणजे मी.

बायकांनी नाटकात काम करावं की नाही यावर तेव्हा डोंबिवलीत कडाक्याची भांडणं होत. आमच्या नाटकातली नायिका म्हणजे रेल्वेतला एक कारकून, गणपतीच्या आधी आठ दिवस मिशी उतरवायचा. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या, सोवळंओवळं कडक. त्या नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल, असा माझा हिशेब होता. त्यांनी विचारलं, आत उभं राहायचंय ना? लोकांना दिसणार नाहीस ना? मग जा. झालं. दिसणार नव्हते म्हणून माझी अब्रू शाबूत राहिली आणि पाय कामाला लागले.

पहिलं वर्ष मला आवडलं, खोटं कशाला बोलू. प्रॉम्प्टिंग ही सोपी गोष्ट नाही. चांगल्या नटाला पहिले दोन शब्द पुरतात. घाबरट नटाला शब्द द्यावे लागत नाहीत, तुम्ही तिथे आहात एवढं दिसलं तरी तो बोलतो. ह्यांना सगळंच द्यावं लागे. हे विसरले की उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत. तेवढी खूण मला पुरायची. मी वाक्य द्यायचे, ते उचलायचे, आणि इतकं सफाईने की पुढच्या रांगेतल्यांनाही वाटे, काय विचार करून बोलतोय हा माणूस. विचार मी केलेला असे.

एकदा ऐतिहासिक नाटक होतं आणि हे सरदार. दुसऱ्या अंकात ह्यांच्या मिशीचं एक टोक सुटलं. मी विंगेतून हळूच म्हटलं, "मिशी सुटतेय." माझ्या तोंडून आलेलं सगळं मोठ्याने म्हणायची ह्यांना सवय. हे दरबारात छाती काढून म्हणाले, मिशी सुटतेय. मग क्षणभर थांबले आणि म्हणाले, पण निष्ठा सुटणार नाही, महाराज. मंडप टाळ्यांनी दणाणला. पुढच्या प्रयोगांत ते वाक्य तसंच ठेवलं आणि त्यासाठी मिशी मुद्दाम सैल चिकटवायला लागले. असा हजरजबाबी माणूस. हे मी सांगतेय ते नवऱ्याचं कौतुक म्हणून नव्हे. पुढे जे झालं ते कळायला हे माहीत असावं लागतं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मी थकत गेले. दोन मुलं, सासूबाई, विहिरीचं पाणी, पहाटेचा डबा, आणि संध्याकाळी स्वयंपाक उरकून शाळेच्या खोलीत तालमीला उभं राहायचं. सगळे म्हणायचे, वहिनींना नाटकाची हौस भारी. हौस ह्यांना होती. मला फक्त पाठ होतं. कधी वाटायचं, हे आजारी पडावेत आणि नाटक रद्द व्हावं. असं वाटलं की घरी येऊन मी देवापुढे गालावर मारून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत उभी.

मग माइक आला. आधी आमची नाटकं उघड्या आवाजावर चालत. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलणं ही नटाची पहिली परीक्षा. पण वस्ती वाढली, मंडपात माणसं मावेनात, तेव्हा मंडळींनी कल्याणहून भाड्याने माइक आणला आणि रंगमंचाच्या मधोमध तारेला टांगला. तो माणसामाणसांत भेद करत नाही हे आमच्या लक्षात आलं नाही. त्या नाटकात ह्यांची खुर्ची नेमकी माइकखाली आणि माझी विंग तिथून चार हातांवर. प्रत्येक वाक्य गावाने दोनदा ऐकलं. आधी बाईच्या कुजबुजत्या आवाजात, मग पुरुषाच्या खणखणीत.

पहिल्यांदा लोकांना कळेना. पुढे सतरंजीवर गावातल्या आगरी बायका बसलेल्या, त्यांतली एक शेजारणीला विचारत होती ते मला विंगेत ऐकू आलं, "आतमंदी कोन बाय बोलतंय गो?" आणि मग कळलं तेव्हा हसण्याची लाटच आली. मागून कुणीतरी म्हणालं की वहिनी पुढे आहेत, दादा जरा मागे पडलेत. मी आवाज बारीक केला तर ह्यांना ऐकू येईना. मोठा केला तर गावाला. शेवटच्या अंकात ह्यांनी अर्धी वाक्यं गाळली आणि कसंबसं नाटक पडद्यापर्यंत नेलं. त्या वर्षी बाजारात हे गेलेच नाहीत. भाजी मी आणली.

मंडळींची बैठक झाली. ठाण्याच्या एका गिरणीत नोकरीला असलेला तरुण मुलगा नवा चिटणीस झाला होता. मुलगा हुशार, नाटकावर त्याचं प्रेमही खरं. तो म्हणाला, माइक काही आता जाणार नाही, तेव्हा प्रॉम्प्टिंगच जायला हवं. शिवाय आता ठिकठिकाणी स्पर्धा सुरू झाल्या होत्या. कल्याणच्या एका मंडळाने आमच्या जिल्ह्यासाठी स्पर्धा जाहीर केली होती, आणि तिच्या नियमांतच छापलं होतं की प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांत ऐकू आला तर गुण कापले जातील. आपण प्रॉम्प्टरशिवाय जायचं, असं ठरलं. चिटणीस माझ्याकडे वळून म्हणाला, वहिनी, तुम्हांला आता विश्रांती.

मला काय झालं असेल सांगा. मला हायसं वाटलं. सात वर्षांत तो शब्द कुणी माझ्यासाठी उच्चारला नव्हता.

पण त्याच बैठकीत दुसरंही ठरलं. स्पर्धेतलं मुख्य काम ह्यांचं, पण रंगीत तालमीपर्यंत नक्कल पाठ झाली पाहिजे. नाहीतर ते काम चिटणीसाचा मित्र करणार होता. आणि स्पर्धेत घोटाळा झाला तर यापुढे ह्यांना वयाला शोभतील अशी छोटी कामं, म्हणजे दिवाणजी, डॉक्टर, पोस्टमन. चिटणीसाने हे सगळं अदबीने सांगितलं. हे हो म्हणाले. घरी येताना मात्र ह्यांनी रस्ताभर एक शब्द काढला नाही, आणि मलाही काही सुचवता आलं नाही.

नाटक नवीन होतं. नव्या पद्धतीचं म्हणत, म्हणजे त्यात गाणी नाहीत, राजवाडा नाही, तीनही अंक एकाच चाळीतल्या एकाच खोलीत, आणि माणसं घरात बोलतात तसं बोलतात. लिहिणारा ठाकुर्लीला राहायला आलेला एक कारकून. बापाचं आणि घर सोडून गेलेल्या मुलाचं नाटक. बाप म्हणजे आमचे हे. मुलाचं नाव लेखकाने जे ठेवलं होतं, ते नेमकं ह्यांचं नाव.

बिचाऱ्याला कल्पना नव्हती. मंडळींत ह्यांना सगळे दादा म्हणत, खरं नाव त्याला कुठून ठाऊक असणार? कळल्यावर तो ओशाळला, पण तोवर संहिता पोलिसांकडे मंजुरीला जाऊन शिक्का मारून आली होती. तेव्हा प्रत्येक नाटकाला तो शिक्का लागे, आणि शिक्का पडल्यावर अक्षर बदलायचं तर परत ठाण्याच्या कचेरीत खेटे. स्पर्धा दीड महिन्यावर. पुरुषांना त्यात अडचणही दिसली नाही. अडचण फक्त माझी होती, कारण घरी नक्कल वाचून दाखवायची ती मीच.

मी सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. म्हणजे उखाण्यात घेतलं होतं, लग्नात, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला. एरवी "अहो". नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं यावर माझा विश्वास होता असंही नाही. मी पेपर वाचणारी बाई. पण जीभ वळत नसे. रेशनकार्डासाठी कारकुनाने विचारलं तरी मी मुलाला पुढे करायची. तालमीला मी अजून सवयीने जाऊन कडेला उभी राहायचे, तिथे ही गोष्ट निघाली तेव्हा सगळ्यांनी मला धारेवर धरलं. चिटणीस म्हणाला, वहिनी, उखाण्यात द्या की. प्रत्येक वाक्याला उखाणा घातला असता तर तीन अंकांचं नाटक तीन दिवस चाललं असतं.

घरी पाठ करून घेणं सुरू झालं. विंगेतून सुटले ती चुलीपाशी अडकले. मी पोळ्या लाटत वाचायची आणि नाव आलं की तिथे "हं" म्हणायची. ये हं, बस. हं, जेवलास का? ह्यांना ठाऊक होतंच की हं म्हणजे आपलं नाव. निदान मला तसं वाटत होतं. आणि या खेपेला हे खरोखर मेहनत करत होते. हापिसातून आले की हातपाय धुऊन पाटावर. वाक्य चुकलं की स्वतःच कपाळावर हात मारून घेत. इतक्या वर्षांत मी ह्यांना कशाची भीती वाटताना पाहिलं नव्हतं, ती त्या पाटावर पाहिली.

पहिल्या तालमीत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ये हं, बस, हे मराठीत कुणीही म्हणतं. उलट लेखक खूश, दादा किती घरगुती बोलतात म्हणून. तिसऱ्या अंकात घोळ उघडकीला आला. मुलगा भांडून बॅग उचलून कायमचा निघतो, दारापर्यंत जातो, आणि आयुष्यभर ताठ राहिलेला बाप त्याला नावाने हाक मारतो. ती हाक ऐकून मुलगा थांबतो. सगळं नाटक त्या एका हाकेवर उभं. तालमीत मुलगा दारापर्यंत गेला आणि हे हात पुढे करून, गळा भरून आणून म्हणाले, "हं, हं."

चिटणीसाने तालीम थांबवली. "दादा, हा हं कोण?"

सगळे जमिनीवर लोळायचे बाकी राहिले. हेही हसले, पण ह्यांचे कान लाल झाले होते. मी काय केलं होतं ते मला तेव्हा समजलं. हे माझ्या तोंडून येईल तेच शिकत होते, आणि माझ्या तोंडून नाव येतच नव्हतं.

त्या रात्रीची गोष्ट नको, दुसऱ्या दिवशीच्या सकाळची सांगते. रविवार होता. सासूबाई देवळात, मुलं बाहेर. ह्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि म्हणाले, एकदाच म्हण, ते वाक्य नाव घालून म्हण, माझ्या कानात बसेल. मी भाकरी थापत होते. मला का कोण जाणे, लाज नाही वाटली, संताप आला. सात वर्षांचा सगळा एकदम आला.

मी म्हटलं, "सगळे शब्द मीच द्यायचे. आता तुमचं स्वतःचं नावही मीच द्यायचं का?"

 हे दार उघडून बाहेर गेले. मी बोलून गेले ते गेले, शब्द परत घेता येत नाहीत. भाकरी करपली ती मी माझ्याच पानात वाढून घेतली.

त्या दिवसापासून ह्यांनी मला वाचायला सांगितलं नाही. स्वतःची वही काढली, जिथे जिथे नाव तिथे लाल पेन्सिलीने गोल केले, आणि गॅलरीत येरझारा घालत स्वतःचंच नाव मोठमोठ्याने घोकायला लागले. चाळीतल्यांना वाटलं दादांचं डोकं फिरलं. सासूबाई दोन दिवस ऐकून घेऊन म्हणाल्या, त्यापेक्षा रामाचं घेतलं असतंस तर पुण्य तरी लागलं असतं. पण घोकून घोकून बसलं. रंगीत तालमीला हे एकदाही अडले नाहीत. चिटणीसाने उठून ह्यांचे हात हातात घेतले. काम ह्यांच्याकडेच राहिलं, आणि मी मनातल्या मनात गणपतीला एकवीस मोदक बोलले.

स्पर्धेचे प्रयोग एका शाळेच्या सभागृहात, दिवसाला तीन. आमचं नाटक दुपारी तीनचं. खिडक्यांना काळे कागद लावून अंधार केलेला. कल्याण स्टेशनवरून सासूबाईंना टांग्यात घालून मी नेलं. बायकांच्या खुर्च्या डाव्या बाजूला, आम्हांला तिसरी रांग मिळाली. पुढे टेबलाशी तीन परीक्षक, प्रत्येकापुढे कागद आणि पाण्याचा पेला. मी खुर्चीत बसले आणि पाय लांब केले. नाटक सुरू होताना आपण बसलेलो आहोत हेच मला चमत्कारिक वाटत होतं.

पडदा वर गेला आणि मला एक गोष्ट जाणवली. सात वर्षं मी ह्यांचं काम विंगेतून, एका बाजूने बघितलं होतं. एक कान, एक गाल, अर्धं कपाळ. समोरून पूर्ण चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. हे म्हातारे दिसत होते. रंगवलेलं म्हातारपण थोडं होतं, बाकीचं ह्यांचं होतं. आणि काम, काय सांगू, फार चांगलं करत होते. बोलण्याआधी थांबत होते ते खरोखर विचार करून थांबत होते. माझ्याशिवाय इतकं चांगलं जमतं ह्याचा मला आनंद झाला आणि थोडं लागलंही. दोन्ही एकदम झालं. माझे ओठ सारखे हलत होते, सासूबाईंनी दोनदा कोपर मारलं.

दोन अंक निर्विघ्न पार पडले. मध्यंतरात चिटणीस येऊन सांगून गेला की परीक्षक खूश दिसतायत.

तिसरा अंक. भांडण झालं. मुलाने बॅग उचलली. दाराकडे निघाला. ह्यांनी हात पुढे केला आणि थांबले. ती जागा थांबायचीच होती. सभागृह गप्प. एक बाई डोळ्याला पदर लावत होती. मुलगा दारापर्यंत पोचला. हाक आली नाही. त्याने चपला पायाने जवळ ओढल्या. एक घातली. तरी हाक नाही. लोकांना वाटलं काय अभिनय आहे. मला दिसलं, ह्यांचा अंगठा तर्जनीवर घासत होता.

दुसरी चप्पल घातली की मुलाला बाहेर जावं लागणार होतं, आणि तो बाहेर गेला की नाटक संपलं. ह्यांनी विंगेकडे बघितलं. विंगेत कुणी नव्हतं. सात वर्षं मी जिथे उभी असायची तिथे नुसता पडदा. मग मी काही ठरवलं नाही. माझ्या तोंडातून नाव बाहेर पडलं. ओरडले नाही. प्रॉम्प्टरचा आवाज असतो तोच, नटापर्यंत पोचेल एवढा. पण त्या शांततेत तो सगळ्यांना ऐकू गेला.

ह्यांनी मान वळवली. मुलाकडे नाही, बायकांच्या खुर्च्यांकडे. आणि म्हणाले, "ओ."

बापाच्या आवाजात नाही. घरी गॅलरीत पेपर वाचत बसलेले असताना आतून हाक आली तर देतात तशी. माइकने ती ओ शेवटच्या खुर्चीपर्यंत नेली.

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग एक जण हसला आणि मग सगळे. दारात तो मुलगा एका पायात चप्पल घालून उभा. मिशी सुटतेय म्हणून टाळ्या घेणारा माझा नवरा, ह्यांना त्या जागी काहीही सुचायला हवं होतं. सुचलं नाही. सुचवून घ्यावंसं वाटलं नाही असंच मला दिसलं. हे माझ्याकडे बघत नुसते उभे होते. परीक्षक खाली मान घालून लिहायला लागले होते. शेवटी मुलाचं काम करणारा स्वतःच परत फिरला, बाबा तुम्ही हाक मारलीत का म्हणाला, आणि मग हे भानावर आले. उरलेलं नाटक ह्यांनी एकही शब्द न चुकता पुरं केलं. ते कुणी ऐकलं नाही.

बक्षीस मिळालं नाही हे सांगायला नको. निकालानंतर एका परीक्षकाने बोलताना प्रेक्षकांमधून झालेल्या प्रॉम्प्टिंगचा उल्लेख केला तेव्हा चिटणीस खाली बघत होता. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी सासूबाईंना घेऊन स्टेशनाकडे निघाले. टांगा केला नाही, कुणाशेजारी बसायची माझी तयारी नव्हती. मला वाटत होतं आता त्या बोलतील, चारशे माणसांत नवऱ्याचं नाव घेणाऱ्या सुनेला काय बोलायचं ते बोलतील. बाजारपेठेतून निम्मं अंतर गेल्यावर त्या बोलल्या.

"घ्यायचंच होतं तर घरात घ्यायचंस. पाठ तरी झालं असतं त्याचं."

मला रस्त्यातच रडू आलं. ज्यांच्या धाकाने मी जीभ आवरत होते असं मी स्वतःला सांगत होते, त्यांची काही हरकतच नव्हती. मग मी कोणासाठी आवरली होती? त्या चुलीपाशी एकदा घेतलं असतं तर त्याने काय झालं असतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्यानंतर ह्यांना पोस्टमनचं काम आलं. हे तालमीला गेले नाहीत. चिटणीस दोनदा बोलवायला घरी आला, चहा घेऊन गेला. पुढे मंडळींत मुली काम करायला लागल्या, नाटकं चांगली व्हायला लागली, मी बघायला जायची, हे यायचे नाहीत. मला हवी होती ती विश्रांती मिळाली. संध्याकाळी स्वयंपाक झाला की काम नसे. आम्ही दोघं गॅलरीत बसायचो. ह्यांचा चांगला आवाज आता मुलांना पाढे विचारण्यापुरता उरला होता. ते बघून माझा जीव तुटायचा, पण विषय काढायला मी धजत नव्हते. पाच-सहा महिने असेच गेले.

एका संध्याकाळी मी धीर केला. मी वाटाणे सोलत होते, हे पलीकडे बसले होते. मी म्हटलं, माझ्यामुळे तुमचं नाटक गेलं. मी वेळेवर नाव दिलं होतं. तुम्ही ते म्हणायचं सोडून ओ का दिलीत?

मला वाटलं हे टाळतील. टाळलं नाही. परडीतला एक वाटाणा घेऊन सोलायला लागले.

"अगं, सोळा वर्षांत तू पहिल्यांदा मला नावाने हाक मारलीस," हे म्हणाले. "मग नाटक कशाला आठवेल?"

आणि हसले, खरंच खुशीत हसले. गेल्या सहा महिन्यांत ह्यांना त्याचं दुःख झालंच नव्हतं, उलट त्या हाकेवर हे जगत आले होते, असं ते हसणं होतं. मी वाटाणे सोलत राहिले. मी ह्यांना हाक मारली नव्हती. मुलगा दारातून चालला होता, वाक्य अडलं होतं, म्हणून मी शब्द दिला होता, सात वर्षं देत होते तसा. पुढे वीस वर्षं संसार केला, पण हे मी ह्यांना सांगितलं नाही.